अंबाड्यापुरती जागा

आजी : ‘बाबा, आईला गाडीवर मागे बसवाल तेव्हा तिच्याही डोक्यावर हेल्मेट, पट्टा लावून. शब्द द्या!’ असं लेक म्हणाली होती ना? मग आधी माझं हेल्मेट काढा. अहो आजोबा!

आजोबा : कोण? अरे, मीच की! आजोबा होऊन एकच रात्र झाली, सकाळपासून चौथ्यांदा फसलो. हे घे.

आजी : अगंबाई, आज कसं अलगद बसलं! एरवी अंबाड्यावर नुसतं टेकायचं.

आजोबा : उगाच नाही चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतोय. आतला थर्माकोल अंबाड्यापुरता कोरला, वर मखमल लावली. नातीच्या आजीला भेट!

लेक (चालू राहिलेल्या फोनवर) : बाबा, थर्माकोल कोरलात?

आजोबा : तू ऐकतेयस होय? बोटभर ठेवलाय की गं.

लेक : अहो, तोच जीव वाचवतो. डोकं आपटलं की तो चेपतो, म्हणून डोकं वाचतं. शवविच्छेदनं करते मी, टेबलावर पाहिलंय, बाबा. हेल्मेटचं कवच शाबूत, पट्टा लावलेला, आतला थर काढलेला, आणि मागून कवटीला तडा.

आजोबा : मी प्रेमानं कोरलं गं.

लेक : माहितेय. म्हणून तर ओरडत नाहीये. ओरडायला ही आहे. ऐका! (बाळाचा टाहो.)

आजोबा : बापरे! आवाज थेट आजीचा.

आजी : आणि घाई आजोबांची.

लेक : इस्पितळात भेटायची वेळ अकरापर्यंतच हं. मग एकदम संध्याकाळी. ठेवते.

आजी : तुम्ही गाडीवर पुढे व्हा. तुमचं हेल्मेट धड आहे. मी बसनं येते.

आजोबा : बस पावणेअकराला. पोचेपर्यंत दार बंद.

आजी : नऊ महिने थांबले, संध्याकाळपर्यंत थांबेन. देव काही नातीला परत नेत नाही.

आजोबा : आणि मी एकट्यानं बघू? नाक कुणासारखं, यावर भांडू कुणाशी?

आजी : मग अंबाडा सोडते, वेणी घालते. जाऊ तसेच. एवढासा तर रस्ता!

आजोबा : वेणीनं थर्माकोल परत उगवेल का? नवीन हेल्मेट उद्या आणू, तुझ्या मापाचं. किती वाजले?

आजी : दहाला पाच कमी. चालत पाऊण तास लागतो, तोही तुमच्या पायांनी. माझ्या पायांनी पंचावन्न मिनिटं.

आजोबा : म्हणजे तिथे हातात दहा मिनिटं.

आजी : दहा मिनिटांत काय दिसणार हो?

आजोबा : एवढीशी तर आहे, सगळी दिसेल. (गाडीची किल्ली खिळ्याला अडकवतो.) बूट घाल तू, चप्पल टोचते तुला.

आजी : पण भराभरा पुढे जायचं नाही हं.

आजोबा : तुझ्याच चालीनं. चल.