क्लिओ रिडोच्या पुढे

— पहिला नंबर बोडेनचा? टेरेल बोडेनचा? आण, आण तो पोस्टर इकडे, चष्मा लावून बघू दे. ‘आयर्नमेन संघाचे आजवरचे श्रेष्ठ दहा रनिंग बॅक.’ चेंडू काखेत मारून पळणारे गडी. वा! आणि हे ठरवलं कुणी? लोकांनी मतं दिली. लोकांनी म्हणजे तुझ्यासारख्यांनी — घरात सोफ्यावर लोळून, मांडीवर चिप्सची पिशवी ठेवून. गाढवाला गुळाची चव काय! आणि तू माझ्या टेबलापाशी का टेकलायस ते मला कळत नाही असं समजू नकोस. शेजारची क्लिओ रिडोची रांग हलेना, पाय दुखले, माझ्यापुढे चिटपाखरू नाही, म्हणून तू म्हातारबाबाशी दोन शब्द बोलतोयस. बोल, बोल. माझ्या पाटीवर काय लिहिलंय वाचलंस? ‘माजी खेळाडू.’ बस. नाव लिहायला खडू संपला असेल त्यांचा. लेनर्ड वोइताश म्हणतात मला. लेन म्हण. नाही, ऐकलं नसणारच तू, कसं ऐकशील?

तर बोडेन. बोडेन म्हणजे नाच्या. त्याच्यापुढे पाच धिप्पाड पोरं जीव तोडून समोरच्या संघाची फळी ढकलतायत आणि हा मागे उभा राहून डावीकडे डुलतोय, उजवीकडे डुलतोय — अरे, लग्नाला आलायस की खेळायला? हो, पळून काढलेले यार्ड सगळ्यात जास्त त्याचे, माहितेय मला, ते यार्ड-बिर्ड माझ्यापुढे नाचवू नकोस. आठ संघांविरुद्ध पळायचं आणि त्यातले सहा रडके, मग माझ्या आजीनेही काढले असते यार्ड. सहा वर्षं आमच्या गावच्या पिरोग्या, त्या बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, चापल्या आणि तळ्यावरून थंडगार वारा सुटला की याच्या मांडीचा स्नायू आखडायचा. दर नोव्हेंबरात! शेवटी गेलाच उन्हाच्या गावाला, जास्त देतात म्हणून. दुसरा हा शेजारी बसलाय, त्याचं नंतर सांगतो. आणि हा तुमचा तिसरा, हार्लन पाईक — याची मी पायताणाएवढीही किंमत करत नाही. चेंडू हातातून सुटला की आधी पंचाकडे बघायचा, मग चेंडूकडे. चौथा ऑटो क्रांट्झ. याला खेळताना तू पाहिलंयस? मी नाही पाहिलं, माझ्या बापाने नाही पाहिलं, पण मिशी बघून मतं दिली असतील तुम्ही — फोटोत मिशी बरी आहे त्याची.

— क्लिओ. क्लिओ, त्या बाई आपलं नाव मार्गो म्हणतायत. मार्गोसाठी. आता खाली तुझं नाव. हां, तसंच. झालं. दे त्यांना. दे, पोस्टर त्यांचा आहे.

काय म्हणत होतो? हां. फुलबॅक म्हणजे काय, माहीत आहे का तुला? नाही ना? दहाजणांची यादी करता आणि यात एक फुलबॅक नाही! चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या पुढे पळायचं आणि जो आडवा येईल त्याच्या छातीत डोकं घालायचं — हे काम. ते मी केलं. सात वर्षं क्लिओ रिडोच्या पुढे मी. फळीला भगदाड पाडायचं मी आणि त्यातून सुळकन जायचं साहेबांनी. आयत्या बिळावर नागोबा! सगळे रनिंग बॅक नागोबा, एकजात सगळे, आणि हा शेजारी बसलाय तो त्यांचा राजा. तोंडावर सांगतो त्याच्या, काय रे क्लिओ? — बघ, हसतोय.

आमचा एक कोच होता, ब्रँडेल म्हणून, मेला आता. तो काय करायला लावायचा? रनिंग बॅकने डावा हात पुढच्या फुलबॅकच्या कमरेवर ठेवायचा, इथे, मागे, पट्ट्याला, आणि वाट उघडेपर्यंत काढायचा नाही. सराव करताना हात काढला की अख्ख्या मैदानाला फेऱ्या. बोडेनला विचार, तो म्हणेल हे लहान पोरांचं. त्याला कुणाच्या पाठीमागे जायची लाज! मोठ्या मोठ्यांना दम निघत नाही रे, वाट दिसायच्या आधीच सुटतात आणि आपटतात. हा एकटा दम धरायचा. साठ हजार माणसं बोंबलतायत, मला मागे वळून बघायची सोय नाही, खांद्यांत मुंडकं खुपसून पळतोय — मागे कुणी आहे की नाही हे मला एवढ्याच हातावरून कळायचं. आणि हात सुटला की कळायचं, गेला.

आणि याचं बक्षीस काय? बोडेनने आपल्या पुढच्या पोरांना नाताळात मनगटी घड्याळं दिली, पेपरात फोटो आले. क्लिओने मला काय दिलं? हॅम! भाजलेली डुकराची तंगडी. दर नाताळला तीच. दारात उभा राहून म्हणायचा, ‘लेन, आत बोलवतोस की इथेच कापू?’ आणि मग निम्मी तंगडी स्वतःच खाऊन जायचा, माझ्या बायकोची मोहरीची बाटली संपवून. असला कंजूष माणूस तिकडे खाली त्याच्या लुइझियानात दुसरा जन्मला नसेल. गेल्या नाताळला नाही आला. म्हणजे आला — व्हर्लीन घेऊन आली, बायको त्याची — पण तंगडी तिच्या हातात होती आणि हा दारात उभा राहून मला म्हणाला, ‘साहेब, लेन घरात आहे का?’

ते सोड. थट्टेखोर आहे तो. पहिल्यापासून.

काय? — नाही, बरोबर लिहिलंय त्याने. अडतीस त्याचा नंबर, दोनदा लिहिला तर बिघडलं काय? जास्तच मिळालं त्या माणसाला! अक्षर पहिल्यापासून कोंबडीचे पाय. तू एवढं वाकून काय बघतोयस? तो फोन खिशात घाल. घाल म्हणतो ना! मी बाहत्तर वर्षांचा आहे, पण हे टेबल ओलांडून तुझ्यापर्यंत यायला मला कष्ट पडणार नाहीत.

हां. असं.

तू हुशार आहेस. दिसतोस बावळट, पण हुशार आहेस. बरं, ऐक मग, पण ऐकून गप्प बसायचं, त्या तुमच्या मतं देणाऱ्या टोळक्यात जाऊन बोंब मारायची नाही. आज सामन्याच्या मध्यंतराला याचा नंबर निवृत्त करतायत. यापुढे अडतीस कुणी घालणार नाही. प्रेक्षकांच्या गॅलरीखालच्या बोगद्यातून निघायचं, मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना संघ उभा, हात वर करायचा आणि परत यायचं. एकट्याने. तो मानच तसा असतो, एकट्याने जायचा. याचं हे असं झालंय ते क्लबला ठाऊक नाही. ठाऊक झालं तर काय करतील? चाकाच्या खुर्चीत बसवतील, गुडघ्यावर शाल टाकतील, पडद्यावर रडकं संगीत लावतील. व्हर्लीन म्हणाली, ‘लेन, त्याला या गावात एकदाही कुणी उचलून मैदानाबाहेर नेलं नाही. आज नेऊ देऊ नकोस.’ आता बोगद्यात तीन वळणं आहेत, आणि हा माणूस सकाळी हॉटेलात न्हाणीघर शोधायला गेला तो कपड्यांच्या कपाटात उभा होता. अंधारात. मी दार उघडलं तर म्हणाला, ‘आता आपली पाळी का?’ अरे, डोकं मी आपटलं! सात वर्षं भिंतीवर आपटावं तसं मी आपटलं आणि विसरायला लागला हा! मला अजून सगळं आठवतं, वरातीसारखं एकेक समोरून जातं — आणि याचं... हा काय न्याय झाला? नागोबाच्या वाट्याला तेही आयतंच आलं.

— नाही क्लिओ, कुणावर नाही ओरडत. या पोराशी बोलतोय. सही कर तू.

तू मला विचारत होतास, श्रेष्ठ कोण. विचारलंस ना? आता खरं सांगू? मी याचं एकही पळणं पाहिलेलं नाही. एकही नाही! तुम्ही पाहिलंत, तुमच्या बापांनी पाहिलं, हॉटडॉग विकणाऱ्यांनी पाहिलं. मी दर वेळी कुणाच्या तरी पोटाखाली पालथा, तोंडात गवत. लोकांचा आवाज उठायचा तेव्हा कळायचं किती लांब गेला. घरी टीव्हीवर दाखवायचे तेव्हा मी उठून जायचो — हो, जायचो, मग? मला बघायचं नव्हतं. मला ठाऊक होतं. बोडेनच्या पुढे मी शेवटचं वर्ष खेळलो, त्याचा हात कधी पाठीला लागला नाही, मला वाटायचं मी एकटाच पळतोय मूर्खासारखा. श्रेष्ठ कोण म्हणे! मागे कोण आहे हे ज्याच्यामुळे कळतं तो श्रेष्ठ. घाल तुझ्या पोस्टरवर. मावणार नाही.

— काय गं पोरी, क्लबने पाठवलं तुला? वेळ झाली? बरं. नाही, ते एकटे नाही जाणार, मी जातोय बरोबर. यादीत नाव नाही म्हणजे? माझं नाव कुठल्याच यादीत नसतं, ते तू मला नको सांगूस, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून नाही. फक्त सत्कारमूर्ती? कुणी ठरवलं? बरं, तुझ्या साहेबाला बोलव. दोघांना बोलव. दारातल्या त्या चार धटिंगणांनाही सांग आडवं उभं राहायला. मला बरंच होईल, फार दिवस झाले.

क्लिओ, ऊठ. ऊठ बाबा, पेन ठेव. कोट नीट कर. हो, हो, आता आपलीच पाळी. नाही, त्या बाजूला नाही, इकडे ये, माझ्या मागे. हात कुठे असतो? कुठे असतो हात, क्लिओ?

...हां.

बघितलंस? बघितलंस ना रे? सांगावं लागलं नाही. बायकोचं नाव गेलं, माझं गेलं, हे नाही गेलं.

धरून ठेव. वाट उघडली तरी या वेळी सोडायचा नाही, समजलं? — आणि तू अजून इथे काय करतोयस? सही नाही, काही नाही, तो पोस्टर गुंडाळ आणि हो बाजूला. हो म्हणतो ना! वाटेत उभ्या माणसाला वळसा घालून जायला मला कधी कुणी शिकवलंच नाही.