रेघ लालच राहील

संचालक: पण लाइन चालू आहे ना, ताई? चालू असलेली लाइन नकाशावर लाल कशी असू शकते?

ताई: नासलेलं दूधही पातेल्यात असतंच. दार लावलंस का?

संचालक: लावलंय. म्हणूनच तू मला अरे-तुरे करू शकतेस.

ताई: उघडं असतं तर साहेब म्हटलं असतं, पण बोलले हेच असते.

संचालक: हे बघ, आता दोन वाजलेत. चारला वरच्या सभागृहात समितीचे बारा लोक येऊन बसतील. भिंतीवर आपला नकाशा लागणार आहे. देशातली अठ्ठेचाळीस केंद्रं आणि त्यांना जोडणाऱ्या आपल्या नेटवर्कच्या अठ्ठेचाळीस हिरव्या रेघा, असं मी निमंत्रणात लिहून मोकळा झालोय. आणि तू सकाळी येऊन त्यातली एक लाल करून बसलीस. तीही डोंगरातल्या कॉलेजची. ज्यांना आज आपण काढणार आहोत, नेमकी त्यांचीच.

ताई: नेमकी त्यांचीच, म्हणून तर केली. तुम्ही त्यांना का काढताय, सांग.

संचालक: तुला माहीत आहे.

ताई: तुझ्या तोंडून ऐकायचंय.

संचालक: कारण त्यांचं काम वेळेवर येत नाही. सोळा केंद्रं मिळून एक गणित सोडवतात, कुठल्या उतारावर दरड येईल याचं. पंधरा केंद्रं आपला वाटा देतात आणि या एकासाठी ताटकळत बसतात. आठ महिने हेच चाललंय. समितीचं म्हणणं, त्यांची मशिनं जुनाट आहेत नाहीतर माणसं ढिली आहेत. आज ठराव होईल, चाळीस मशिनं उचलून इथे राजधानीत आणू. यात मी काय वेगळं सांगितलं?

ताई: मशिनं चांगली आहेत, माणसंही चांगली आहेत. आपली लाइन घाणेरडी आहे. माहितीच्या वीस हजार तुकड्यांत एक गळतोय.

संचालक: वीस हजारांत एक. लोकांच्या घरी याच्या शंभरपट गळतात, कुणी बोंब मारत नाही.

ताई: घरी लोक सिनेमे बघतात. इथे चारशे किलोमीटरवरून डोंगराएवढी माहिती एका दमात पाठवायची असते. एक तुकडा हरवला की पाठवणारं मशीन दचकतं आणि वेग निम्मा करतं. हळूहळू वाढवत नेतं, तोवर परत एक हरवतो. दिवसभर हेच. शंभर पट्ट्यांच्या रस्त्यावर बिचारे बैलगाडीच्या वेगानं चाललेत. हे तुला मी का समजावतेय? तुला फायबरचं टोक पुसायला कुणी शिकवलं?

संचालक: तू शिकवलंस. पुसताना फुंकर मारली म्हणून हातावर चापटही मारली होतीस.

ताई: मग लक्षात असेल, की त्या टोकावर धुळीचा एक कण बसला तरी काय होतं. आपला लाइन तपासणारा पोरगा, ज्याला सगळे दुर्बीण म्हणतात, आज पहाटेच मधल्या ठाण्यावर गेला होता. त्यानं टोक काढून पाहिलं. कण बसला, त्यावरच जोड दाबला गेला, काचेवर ओरखडा. पुसून जाणारा नाही. जोड बदलावा लागेल, तो परवा येतोय.

संचालक: मग झालं तर. परवा दुरुस्त होणार, परवा हिरवी होणार. दोन दिवस आधी हिरवी दाखवली तर कुणाचं काय बिघडतं? मी तरी कुठे म्हणतोय की कायमचं झाका?

ताई: परवा लाइन दुरुस्त होईल आणि तिच्या टोकाला रिकामी खोली असेल. कारण आज चार वाजता तुम्ही चाळीस मशिनं उचलायचा ठराव केलेला असेल.

संचालक: पुढच्या वर्षी परत घेऊ त्यांना.

ताई: आजवर कुणाला परत घेतलंय? एक नाव सांग, मी आत्ता हिरवी करते.

संचालक: तू असं कोपऱ्यात गाठायला लागलीस की मला आपली कामावरची पहिली पाळी आठवते.

ताई: नाव सांग.

संचालक: नाही घेतलं कुणाला. बरं, ऐक. आपण दिवसभर लाइन तपासतो की नाही? दर मिनिटाला. आठ महिने तपासणी स्वच्छ आलीय. तुझे दोन दिवसांचे आकडे खरे आणि माझे आठ महिन्यांचे खोटे, हे मी समितीला कसं पटवू?

ताई: आपण तपासताना दर मिनिटाला चिमूटभर पाठवतो. चिमूटभर असताना काही गळत नाही, लाइन भरली की गळायला लागतं. म्हणून नवी लाइन ताब्यात घेताना ती चोवीस तास काठोकाठ भरून ठेवायची, असा नियम आहे. या लाइनला आपण किती वेळ भरली होती?

संचालक: ताई, तो विषय नको.

ताई: दहा मिनिटं. उद्घाटनाची तारीख ठरली होती, पाहुणे निघाले होते, मांडव पडला होता. दहा मिनिटं भरली, हिरवी दिसली, आणि तू कागदावर चोवीस तास लिहिलंस.

संचालक: आणि दुसरी सही कुणाची होती त्या कागदावर?

ताई: माझी.

संचालक: मग? मी तोंडघशी पडलो तर एकटा पडणार नाही, हे कळतंय ना तुला?

ताई: कळल्याशिवाय लाल केली असं वाटतं तुला? तू माझ्या टेबलापाशी कागद घेऊन आलास, म्हणालास, ताई, पटकन. मी म्हटलं, आपलाच माणूस आहे, आणि सही ठोकली. वाचलंही नाही. तेवीस वर्षांत अशी सही एकदाच केली आणि तेवढी एकच पुरली.

संचालक: आज सकाळी लाल करताना तरी दुसरी सही कुणी दिली? दोन सह्यांशिवाय नकाशाला हात लावता येत नाही.

ताई: आपल्या पाळीवरच्या चष्मेवाल्या पोरानं.

संचालक: त्यानं दिलीच कशी?

ताई: मी त्याच्यापुढे आकडे ठेवले. तासभर वाचत बसला, दोन ठिकाणी माझी चूक काढली, मग सही केली. आपल्या दोघांपेक्षा शहाणा आहे तो.

संचालक: मी येता येता त्याला विचारलं. हिरवी करायला सही देतोस का, म्हटलं.

ताई: काय म्हणाला?

संचालक: म्हणाला, सर, कारणाच्या रकान्यात काय लिहू? मी म्हटलं, लिही काहीही. तर म्हणे, काहीही या नावाचं कारण यादीत नाही. तिथे बसलेल्या बाकी दोघी खाली मान घालून हसत होत्या. माझ्याच खोलीत माझी ही किंमत.

ताई: किंमत नाही गेली तुझी. त्यांनी फक्त सही दिली नाही.

संचालक: म्हणजे आता तूच उरलीस. मी संचालक म्हणून पहिली सही करतो, दुसरी तू कर. कारण मी लिहितो. त्यात तुझ्यावर काही येणार नाही.

ताई: नाही.

संचालक: विनंती समज.

ताई: विनंती म्हणून नाही आणि हुकूम म्हणूनही नाही. तुझ्या लग्नात मी करवली असल्यासारखी मिरवले होते, तुझ्या लेकीला कडेवर घेऊन या खोलीत फिरवलंय. त्या सगळ्याची शपथ घातलीस तरी नाही.

संचालक: मग मी भिंतीवरचा पडदाच बंद ठेवतो. बिघडला म्हणून सांगतो.

ताई: खुशाल ठेव. नकाशा अठ्ठेचाळीस केंद्रांत सगळ्यांना दिसतो. बाराजणांच्या खिशात फोन आहेत. आणि पडदा का बिघडला हे विचारल्यावर मी खरं सांगेन.

संचालक: तू मला बोलायची जागाच ठेवली नाहीस. आता मी साहेब म्हणून बोलतो. तुम्हाला आजपासून या खोलीतून काढून भांडारात बसवता येतं. केबलची भेंडोळी मोजत निवृत्त व्हाल. तीनच वर्षं उरलीत.

ताई: बसवा. भेंडोळी चांगली मोजेन. पण बदलीचा आदेश निघायला उद्याची सकाळ उजाडेल, आणि चार वाजेपर्यंत ही खुर्ची माझी आहे. रेघ लालच राहील.

(टेबलावरचा फोन वाजतो.)

संचालक: घेऊ नकोस.

ताई: डोंगरातल्या कॉलेजचे सर आहेत. मीच निरोप ठेवला होता. तूही ऐक, मोठ्या आवाजावर ठेवते. बोला, सर.

प्राध्यापक: नमस्कार. मी खालीच आहे, तुमच्या स्वागतकक्षात. तुमचा निरोप मिळाला. बैठकीपूर्वी भेटा म्हणालात. पण खरं सांगू, भेटून काय करायचं? मी संमतीपत्र लिहूनच आणलंय. मशिनं घेऊन जा, आमची हरकत नाही.

ताई: संमती कशाला दिलीत?

प्राध्यापक: भांडायला तोंड कुठे आहे? आठ महिने बाकीच्या पंधरा जणांची बोलणी खातोय. आधी वाटलं मशिनं तापतात, खोलीत पंखे वाढवले. मग वाटलं आमची केबल खराब, सुट्टीत स्वतः भिंती खोदून बदलली. तुमच्याकडे चार वेळा तक्रार केली. चारही वेळा उत्तर आलं, आमच्या बाजूनं सर्व ठीक आहे. तुमच्याकडे ठीक म्हटल्यावर खोट आमच्यातच असणार.

ताई: सर, ती चारही उत्तरं मी पाठवली होती.

प्राध्यापक: हो, खाली तुमचंच पद लिहिलेलं असायचं. तुमचा दोष नाही हो, तुम्ही तपासूनच लिहिलं असणार.

ताई: नाही तपासलं. नकाशाकडे पाहिलं, हिरवी दिसली, लिहून टाकलं. तक्रारीसोबत प्रत्येक वेळी एक तक्ता जोडलेला होता. कुठल्या तासाला, कुठल्या ठाण्यापर्यंत किती वेग पडला, त्याचा. तो मी पहिल्यांदा उघडला परवाच्या रविवारी. त्या तक्त्यात सगळं होतं, सर. बिघाड आमच्या लाइनीत आहे आणि तुमच्या दारापासून किती अंतरावर आहे, तेसुद्धा. आमचा माणूस आज त्याच अंतरावर गेला आणि तिथेच सापडला.

प्राध्यापक: म्हणजे खोट आमची नाही?

ताई: नाही. एक दिवसही नव्हती. लाइन ताब्यात घेताना आम्ही खोटी सही केली आणि खापर तुमच्यावर फुटलं.

प्राध्यापक: थांबा. मला हे लिहून घेऊ द्या.

ताई: घ्या.

प्राध्यापक: तो तक्ता आमच्या मशिनवालीनं केला होता. शांत मुलगी आहे, विचारल्याशिवाय बोलत नाही. ती पहिल्या महिन्यापासून म्हणत होती, सर, आपलं बरोबर आहे, त्यांचं चुकतंय. तिसऱ्या उत्तरानंतर मी तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. म्हटलं, देशाचं नेटवर्क चालवणारे लोक मूर्ख आणि तू एकटी शहाणी का? तिनं तरीही चौथ्यांदा तक्रार पाठवली, मला न विचारता. आज मी तिला मशिनच्या यादीवर सही करून सगळं सोपवायला बरोबर आणलंय. इथे समोर बसलीय. आता तिच्याकडे कसं बघू, तुम्हीच सांगा. तुमचा मला राग येतोय, बाई. फार राग येतोय.

ताई: यायलाच हवा. मला माझाही येतोय.

प्राध्यापक: नुसतं मला फोनवर सांगून काय उपयोग? बाराजण ठराव तयार ठेवूनच येणार आहेत. हे त्यांना कोण सांगणार?

ताई: मी सांगणार. चारला, सगळ्यांदेखत. भिंतीवर तुमची रेघ लाल असेल. ती लाल का आहे, असं कुणीतरी विचारेलच. मग मी आठ महिन्यांचा हिशेब उलगडीन. ताबा घेतल्याच्या कागदापासून सुरुवात करीन. त्यावरच्या दोन्ही सह्या दाखवीन.

संचालक: दोन्ही?

ताई: आधी माझी.

प्राध्यापक: तिथे आणखी कुणी आहे का?

ताई: आमचे संचालक आहेत. ऐकतायत.

प्राध्यापक: मग त्यांनाच विचारतो. साहेब, चार वाजता ही रेघ लाल दिसणार आहे की नाही?

संचालक: ते माझ्या हातात राहिलेलं नाही, सर.

ताई: तुझ्या हातात एवढंच आहे, की मी बोलायला लागले की मला खाली बसवायचं की नाही.

संचालक: मी तुला वाचवणार नाही, ताई. सांगून ठेवतो. मला विचारलं तर मी काय बोलेन, हे मला आत्ता माहीत नाही.

ताई: नसू दे. दोन तास आहेत तुझ्याकडे. जाताना दार उघडं ठेव, आता झाकण्यासारखं काही राहिलं नाही. सर, तुम्ही आहात ना अजून?

प्राध्यापक: आहे. संमतीपत्राचे तुकडे केले. आणि हिला सगळं सांगितलं.

ताई: काय म्हणाली?

प्राध्यापक: म्हणाली, त्यांना विचारा, मला आत बसायला जागा मिळेल का? सभागृहात खुर्च्या मोजूनच ठेवल्यात म्हणे, केंद्राला एकच.

ताई: तिला म्हणावं, माझ्या खुर्चीवर बस. मी उभी राहूनच बोलणार आहे.