पहिल्या खिळ्यावरची पाटी

ओबाता : माझ्या थोरल्या मुलीचं, सायोकोचं लग्न झालं ना, तो प्रसंग त्याच जानेवारीतला. स्मरणिकेत दुसरं वर्ष घालू नकोस, शिगेनो.

शिगेनो : तो प्रसंग घालायचाच कशाला, ओबातासान? डोजोला, आपल्या या तलवारबाजीच्या शाळेला, साठ वर्षं झाली. जिंकलेल्या स्पर्धा लिहू, मिळालेल्या ढाली लिहू.

ओबाता : ढाली कपाटात दिसतातच. मी होड्या बांधणारा माणूस. चाळिशी उलटल्यावर ब्रश धरायला शिकलो. पाट्यांवर नावं काढण्यापुरतं येतं, चार ओळी जुळवायला तूच लागतेस. तेव्हा मी सांगतो, तू लिही.

शिगेनो : आधी त्या स्टुलावरून उतरा. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्षसुद्धा झालं नाही.

ओबाता : पाट्यांचं काम झालं की उतरतो. गुरुजींना जाऊन सुतकाचे एकोणपन्नास दिवस होऊन गेले. उद्या पहाटे थंडीतला सराव सुरू होतोय. भिंतीवर गुरुजींच्या पहिल्या खिळ्यावर आता कुणाच्या नावाची पाटी, ते आजच ठरायला हवं. वरच्या जागी कोण बसणार, हे मुलांना कळायला नको?

शिगेनो : त्यात ठरवायचं काय? दोघंही सातव्या दानचे, एकाच पायरीवरचे, पण तुम्ही माझ्या नऊ वर्षं आधी आलात. पहिली पाटी तुमची.

ओबाता : म्हणून तर लिही म्हणतो. घे. गुरुजी तेव्हा चौऱ्याऐंशीचे. आम्ही सगळे जुने त्यांना दोन वर्षं जपत होतो. त्यांचा वार पोचला नाही तरी 'मान्य' म्हणायचं, आपला वार मुद्दाम डोक्याऐवजी खांद्यावर पाडायचा नाही तर बोटभर अलीकडे थांबवायचा. त्यात मी सगळ्यांत पुढे. लिहिलंस?

शिगेनो : 'सगळ्यांत पुढे' नाही लिहिलं.

ओबाता : लिही. गुरुजी एवढंच विचारायचे, आज हात जड आहे का रे? मी म्हणायचो, हो, थंडीनं. एकदा तर जुलैत म्हणालो.

शिगेनो : ते मी ऐकलं होतं.

ओबाता : आणि त्या सकाळी तू त्यांच्या डोक्यावर असा वार घातलास की जाळीच्या मुखवट्याच्या आवाजानं अख्खा डोजो थांबला. मला वाटलं, म्हातारा आता खाली बसतोय. ते उभेच. वाकले आणि 'मान्य' म्हणाले.

शिगेनो : आणि तुम्ही मला कपडे बदलायच्या खोलीबाहेर गाठलंत. लाज आहे का, वडिलांच्या वयाच्या माणसाला असं मारतात का, असं बरंच काही बोललात. मग दीड महिना बोलला नाहीत.

ओबाता : पण त्याच दिवशी गुरुजींनी मला मुखवट्याची दोरी सोडायला बोलावलं, हे तुला कधी सांगितलं नाही. गाठ सोडत होतो. पाठमोरेच म्हणाले, "ओबाता, दोन वर्षांपूर्वी तू मला म्हातारा ठरवलंस. मला विचारलं असतंस तरी चाललं असतं."

शिगेनो : तुम्ही काय म्हणालात?

ओबाता : गाठ सुटेना. म्हणून सांगतो, पहिली पाटी तुझी. त्यांच्याशी खरी तू खेळलीस. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं.

शिगेनो : धाडस म्हणून लिहायचं असेल तर मी लिहिणार नाही. ते खोटं आहे.

ओबाता : म्हणजे?

शिगेनो : मीसुद्धा बोटभर अलीकडेच थांबणार होते. तुमच्यासारखीच, ठरवून गेले होते. पण त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. त्यांच्या बांबूच्या तलवारीचं टोक माझ्या गळ्यासमोरून हललं नाही, ओबातासान, आणि मला भीती वाटली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची. जपायचं वगैरे राहिलंच. हात आपोआप सुटला. मारला नसता तर त्यांनी मला मारलं असतं.

ओबाता : आम्हाला कसं नाही दिसलं ते पाऊल?

शिगेनो : तुम्ही त्यांच्याकडे बघत कुठे होतात? त्यांच्या वयाकडे बघत होतात.

ओबाता : हेही लिही.

शिगेनो : तुमचं नाव घालून?

ओबाता : माझंच घाल. बाकीच्यांना कशाला त्रास. आणि आता वर बघ.

(शिगेनो वर बघते. पहिल्या खिळ्यावर तिच्या नावाची, नुकताच रंधा मारलेली पाटी आहे, दुसऱ्यावर ओबाताची जुनी.)

शिगेनो : हे तुम्ही मला न विचारता केलंत?

ओबाता : गुरुजींसारखी बोलायला लागलीस. विचारतो मग. घेतेस?

शिगेनो : घेते. पण उद्या पहाटे पहिला सामना तुमच्याशी.

ओबाता : या गुडघ्यानं? बरं. पण माझीही अट आहे. तो गुडघा बघून वार आखडलास, तर मी परत या स्टुलावर चढेन आणि पाटी खाली उतरवेन.

शिगेनो : आखडणार नाही. तुम्हीही थंडीचं कारण सांगायचं नाही. उतरा, हात द्या. गुरुजींची जुनी पाटी कुठे आहे?

ओबाता : ही काय, कापडात. त्यांच्या सूनबाईंकडे पोचवायची आहे. आता शेवटची ओळ तेवढी घे, मग चहा टाकू.

शिगेनो : सांगा.

ओबाता : कितामोरी गुरुजी गेल्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला सकाळी घरी वारले. वय सत्त्याऐंशी. आदल्या रविवारी ते सरावाला आले होते, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर दोन वार घातले. दोन्ही खरे.