काका, तो फोटो सुधारला तुम्ही

आई : चूक शोधून दाखवा, मग बसते मी. तोवर उभीच बरी.

काका : अहो ताई, काच फुटली का? फ्रेम बदलून देतो.

आई : काच धड आहे. फोटो बघा.

काका : बघतोय की. झकास आलाय! पोरगी मागे वळून काय हसलीय. आमच्या पुतणीचा हात आहे हो. पोरांबरोबर लोळते, सोफ्यामागे लपते, पण असं हसू पकडते की ज्याचं नाव ते. अगं ए, बाहेर ये. परवा ज्यांच्या घरी गेली होतीस, त्या आल्यात.

पुतणी : आले आले. अरे वा, ताई! आवडला का फोटो? मी तयार झालेला बघितलाच नाही अजून, काकांनी परस्पर पाठवला. दाखवा ना... हे काय?

आई : तुम्हाला दिसलं. एका नजरेत.

पुतणी : काका, हिच्या कानावरचं मशीन कुठे गेलं?

काका : कुठलं मशीन?

पुतणी : कानाचं मशीन, काका! ऐकायचं! चांगलं लालभडक होतं, डाव्या कानामागे. वेडं सोंग घेऊ नका.

काका : ते होय. मला वाटलं क्लिप-बिप चिकटलीय. आपण नाही का फोटो स्वच्छ करत? हनुवटीवरचा जॅम पुसला, मोज्याचं भोक बुजवलं, सोफ्यावरचा डाग काढला...

आई : सोफ्याचा डाग काढलात त्याबद्दल आभार. पोरीचा कान कोणी काढायला सांगितला होता?

काका : कान आहे हो जागेवर. उलट तिथे एकेक केस ओढून बसवलाय. दोन तास गेले माझे.

पुतणी : दोन तास! आणि मला एक हाक मारता आली नाही? काका, हा फोटो कसा मिळाला माहितीये? मी हिच्या पाठीमागे दडून ते फुगेवालं प्लास्टिक फोडलं. फट! आणि ही वळली. पाठीमागचा आवाज ऐकून वळली! आता मला सांगा, मशीन नाही तर या फोटोतली पोरगी वळली कशाला? हसतेय कशाला?

काका : बघणाऱ्याला काय, हसू दिसल्याशी मतलब.

आई : बघणाऱ्याचं राहू द्या. जिचा फोटो आहे तिनं बघितला काल. बोट ठेवलं त्या कानावर. मग स्वतःच्या कानाचं मशीन काढलं आणि माझ्या हातात दिलं. रडली नाही की रुसली नाही. म्हणाली, "फोटोवाल्यांना हे घाण दिसलं का?"

पुतणी : अगं बाई.

आई : सहा महिने, काका. सहा महिने मी त्या मशीनमागे धावलेय. कधी पिठाच्या डब्यात सापडायचं, कधी बुटात. मग एक दिवस तिला रंग निवडू दिला, तिनं लाल निवडला, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. फोटोच्या दिवशी तर केस वर बांधून मागितले तिनं, मशीन दिसावं म्हणून! आणि आज? आज शाळेत तशीच गेली. बाई काय बोलल्या ते एक अक्षर कळलं नसेल. वर्गात पुतळ्यासारखी बसून आली माझी पोर. सगळं तुमच्या स्वच्छतेपायी.

काका : मूळ फोटो आहे ना कार्डात. दहा मिनिटांत नवा छापून देतो. त्यात काय एवढं?

पुतणी : काका, शोभतं का हे बोलणं!

काका : तू गप. कालपर्यंत माझ्या हाताखाली शिकत होतीस. चाळीस वर्षं मी लोकांचे चेहरे नीट करतोय. देवीचे व्रण, मस, वाकडे दात. एक माणूस तक्रार घेऊन आला नाही या दारात. एका मुलाचा तिरळा डोळा सरळ केला होता, तर त्याची आई रडली होती माझ्यासमोर. आनंदानं!

आई : आणि तो मुलगा?

काका : मुलगा?

आई : ज्याचा डोळा होता. तो काय म्हणाला?

काका : तो... त्याला कोणी आणलंच नव्हतं.

पुतणी : काका, खरं सांगा. ती क्लिप वाटली होती तुम्हाला?

काका : नाही. कळलं होतं मला. चांगलं मोठं करून बघितलं होतं. कळलं म्हणूनच काढलं. म्हटलं, आईला बरं वाटेल. भिंतीवर लावायचा फोटो, आल्यागेल्यानं विचारायला नको, पोरीला काय झालंय म्हणून. वाईट हेतू नव्हता हो ताई.

आई : तोच तर राग आहे! वाईट हेतू असता तर दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. सगळेच भलं करायला येतात. माझ्या सासूबाई म्हणतात, पाहुण्यांसमोर काढून ठेव गं. शेजारीण म्हणते, केस मोकळे सोड म्हणजे झाकलं जाईल. या सगळ्यांशी भांडून मी तिला सांगितलं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. तुम्ही मला तिच्यापुढे खोटं पाडलंत.

काका : मी काय करू, सांगा. नवा फोटो तरी हवाय का?

आई : हवाय. पण आधी तिला सांगा. माझं सांगून झालं, तिचा विश्वास बसत नाही. म्हणते, तू आई आहेस, तू असंच म्हणणार.

काका : आलीय ती?

आई : बाहेर बाकावर बसलीय. आत यायला तयार नाही.

पुतणी : मी जाते. माझी गट्टी जमलीय तिच्याशी.

आई : तुम्ही नको. तुम्ही काही पुसलं नव्हतं.

काका : बरोबर आहे. मीच जातो. ए बाळ! अगं ए बाळा!... बघत पण नाहीये.

आई : ऐकू कसं येणार, काका? मशीन माझ्या पर्समध्ये आहे.

काका : मग सांगू कसं?

आई : समोर जाऊन बसा. हळूहळू बोला. तुमचे ओठ दिसले पाहिजेत तिला.

(काका बाहेर जातात. दार उघडंच राहतं.)

काका : बाळ, माझ्याकडे बघतेस का जरा? तो फोटो मी केला. त्या फोटोवाल्या ताईनं काढला तेव्हा चांगला होता. एकदम चांगला. मी बिघडवला.