खेचरांचा पोळा

वलगावच्या पेढी नदीचा पूर उतरायची वाट पाहत पार्बताबाई माळीण हारांची टोपली घेऊन काठावर बसली होती. शेजारच्या बैलबंडीत एक भाऊ मोरस बेटावरच्या उसाच्या मळ्यातून परतलेल्या बहिणीला घरी नेत होता. ऐकायचं नाही म्हटलं तरी पार्बताबाईला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"शेवंता, तू समुद्र ओलांडला. शुद्धी होईस्तोर ओट्यावर जेव."

"कावून? म्यां तिथं काय सोडलं, भाऊ?"

"धरम."

"तिथं बैल नव्हते, खेचरं होते. पोळ्याले म्यां खेचरंच ओवाळले. शिंगं नव्हते, त कानाले शेंदूर लावला. साहेब म्हणे, जुंपा. म्यां आडवी झाली. त्या दिवशी जुंपू नाही देले."

"खेचराचा पोळा? गाव हासंन."

"हासू दे. पोळा त आत्ताच झाला. आपल्या बैलाईच्या शिंगाले रंग कावून नाही?"

"कपाशीत तण काढाले डवरे होते, बाई. कापसाले सोन्याचा भाव हाय."

"पोळ्याले जुंपले?"

"साऱ्याईनंच जुंपले."

शेवंता बंडीतून उतरली.

"माळीणबाई, दोन हार दे. भाऊ, बैल सोड. आज पयले हे जेवतीन. मंग ओट्यावर आपण दोघंई."