दोन्ही टोकं वळलेली

१९८६ चा जानेवारी. अमेरिकेत, वूस्टरला स्कीच्या दुकानात मी पैसे द्यायच्या रांगेत उभी होते. मागे एक मराठी जोडपं होतं. इथे आपलं बोलणं कुणाला कळतंय, या भरवशावर दोघं मोकळ्या आवाजात बोलत होती.

“अहो, हे कसले स्की? दोन्ही टोकं वर वळलेली!”

“उलटं जायला. मागचं टोक बर्फात रुतत नाही. स्टंटवाले हेच वापरतात.”

“तुम्हाला अजून सरळ जाता येत नाही.”

“त्या हेमचंद्रला येतं ना उलटं! शनिवारी सहलीत अख्ख्या मराठी मंडळानं पाहिलं. तुझे दोन्ही हात धरून उलटा उतरत होता.”

“शिकवत होते भावजी. समोर कुणी नसलं तर माझा बॅलन्स जातो.”

“आणि हसत काय होतीस एवढी?”

“पडत नव्हते म्हणून. तुम्ही कुठे होतात?”

“लॉजमध्ये. तुझा थर्मास सांभाळत. आता मी शिकवणार तुला. असाच, समोरून.”

“अहो, या देशात उतरल्यापासून मी तुमची पाठच बघतेय. मॉलमध्ये तुम्ही पुढे, परवा पार्किंग लॉटमध्ये मी घसरून पडले तेव्हाही तुम्ही पुढेच. उलटं नका जाऊ. चालताना अधूनमधून मागे वळून बघा, तेवढं पुरे.”

“बरं, बरं. हे धर, जागेवर ठेवून ये. पार्किंगचं मीटर संपेल. चल लवकर!”

शेवटचे दोन शब्द दाराकडून ऐकू आले.