दिवा लागला की

दवाखान्यात मुरगळलेला पाय चोळत बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या बहीणभावाचं बोलणं पडत होतं.

“ताई, आई परवापासून स्वयंपाकघरात पडून होती! आज शेजारीण डोकावली म्हणून कळलं. तू लक्ष ठेवणार होतीस ना?”

“ठेवलंच होतं रे! तिथला दिवा लागला की माझ्या मोबाइलवर निरोप येतो. आज पहाटेही आला. म्हटलं, उठली आई, चहा टाकला.”

“अगं, पण तो दिवा... तिला अंधारात चाचपडायला नको, म्हणून पहाटे आपोआप लागेल असा मीच करून ठेवलाय.”

“मेल्या, मला सांगायचंस तरी!”

शिंप्याचा हात पायावरच थांबला.

“तू आत जाऊन आलास ना? काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘दिवा लागला की वाटायचं, तुम्ही आलात. मी हाका मारत होते.’”